कोरड्या मुखाची कैफियत

मराठवाड्याच्या माणसाला कोरडेपणाचे नवल वाटत नाही. चैत्र-वैशाखात पारा चाळिशी ओलांडून जातो, विहिरींचे तळ दिसू लागतात, रस्त्यावरचा फुफाटा उडून डोळ्यांत जातो आणि माठातल्या पाण्याचा तांब्या रिता केला तरी घशाची कोरड हटत नाही, असा ज्या मुलखाचा पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव, त्या मुलखात एखाद्या बाईने भर श्रावणातही तोंड कोरडे पडते, डोळे खुपतात अशी तक्रार केली, तर ‘अंगात उष्णता फार झाली’ एवढ्या एका वाक्यात तिची वासलात लागावी, हे स्वाभाविकच म्हटले पाहिजे. धण्याजिऱ्याचे पाणी, सब्जा, गुलकंद असे शीतोपचार होतात. ते निरुपद्रवी असतात, परंतु त्यांनी गुण येत नाही. आणि मग ती बाई डोळ्यांसाठी एका डॉक्टरकडे, किडलेल्या दातांसाठी दुसऱ्याकडे, सांधेदुखीसाठी तिसऱ्याकडे, असे वर्षानुवर्षे उंबरठे झिजवीत राहते. या सर्व तक्रारींचे मूळ एकच असू शकते, आणि गालावर व हनुवटीखाली सोनोग्राफीचे यंत्र पंधरा-वीस मिनिटे फिरवून त्या मुळाचा माग पुष्कळ अंशी लागू शकतो, ही गोष्ट अद्याप आपल्याकडे पुरेशी ठाऊक झालेली नाही. ती विशद करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रथम लाळेचा विचार केला पाहिजे, कारण जिच्याविषयी आपण क्वचितच आदराने बोलतो अशी ही वस्तू शरीराच्या मोठ्या उपयोगाची आहे. निरोगी मनुष्याच्या मुखात दिवसाकाठी सुमारे अर्धा ते दीड लिटर लाळ स्रवते. ती घासाला ओलावा देऊन गिळण्याजोगा करते, पिष्टमय पदार्थांच्या पचनाला आरंभ करते, दातांवरील आम्लाचा परिणाम नाहीसा करते, जंतूंना आवर घालते आणि जिभेला रुचीचे ज्ञान करून देते. हे काम मुख्यतः तीन जोड्या ग्रंथींकडे आहे: कानाच्या पुढे व खाली गालात बसलेली कर्णमूल ग्रंथी, जबड्याच्या हाडाखालची अधोहनू ग्रंथी आणि जिभेच्या तळाशी असलेली अधोजिह्वा ग्रंथी. यांखेरीज ओठांच्या व गालांच्या आतल्या अस्तरात शेकडो बारीक ग्रंथी विखुरलेल्या असतात. भोजनाच्या वेळी जी लाळ भराभर सुटते तिच्यात कर्णमूल ग्रंथीचा वाटा मोठा; उरलेल्या वेळी, निद्रेत व जागेपणी, मुख ओलसर ठेवण्याचा भार विशेषेकरून अधोहनू ग्रंथीवर असतो.

या ग्रंथींची रचना छत्रपती संभाजीनगरच्या वाचकाला समजावून देण्यासाठी फार दूर जाण्याचे कारण नाही. सतराव्या शतकात मलिक अंबराने खडकी, म्हणजेच आजचे हे शहर, वसविली आणि डोंगरातल्या झऱ्यांचे पाणी जमिनीखालून शहरात आणणारी नहर बांधविली. त्याच पद्धतीची, मातीच्या नळांची दुसरी नहर आजही पाणचक्कीच्या हौदाशी दाखविली जाते. नहर स्वतः डोळ्यांना दिसत नाही. हौदात पडणारी धार मंदावली एवढेच कळते, आणि झरा आटला, नळ फुटला की वाटेत गाळ साचला, याची शहानिशा भूमीखाली डोकावल्याशिवाय होत नाही. लाळग्रंथीत झऱ्यांच्या जागी सूक्ष्म पेशींचे पुंजके असतात, नळांच्या जागी वाहिन्या असतात, आणि मुख कोरडे पडले ही केवळ धार मंदावल्याची खबर असते. कारण आत असते, आणि ते आत पाहूनच ठरवावे लागते.

ज्या विकाराचे येथे विवेचन करावयाचे आहे तो शोग्रेन विकार होय. शरीराचे रक्षण करणाऱ्या यंत्रणेनेच शरीराच्या एखाद्या अवयवाला शत्रू मानून त्याच्यावर चालून जावे, असे ज्या रोगांत घडते त्यांना वैद्यकात स्वयंप्रतिरक्षा रोग आणि दवाखान्यातील नित्याच्या बोलण्यात ‘ऑटोइम्यून’ रोग म्हणतात. शोग्रेन विकार हा त्यांपैकीच एक. यात लसीकापेशी या नावाच्या श्वेत रक्तपेशी अश्रुग्रंथी व लाळग्रंथी यांच्या वाहिन्यांभोवती ठाण मांडतात, स्राव करणारे पुंजके हळूहळू नष्ट होतात आणि त्यांची जागा तंतुमय ऊतक व चरबी घेते. रोग केवळ तेथेच थांबतो असेही नाही. सांधे दुखतात, विश्रांतीनेही न जाणारा थकवा येतो. काहींची फुप्फुसे, मज्जातंतू किंवा त्वचा बाधित होतात, आणि काहींच्या मूत्रपिंडांत असा दोष उत्पन्न होतो की रक्तातील पोटॅशियम घटून हातापायांतील शक्ती एकाएकी जाते. रुग्णांत स्त्रियांचे प्रमाण फार मोठे, पुरुषांच्या साधारण नऊपट, आहे. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजातील संधिवात विभागाने २०१५ मध्ये ३३२ भारतीय रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. पाश्चात्त्य ग्रंथ हा प्रौढ, बहुधा रजोनिवृत्तीच्या आसपासच्या स्त्रियांचा रोग म्हणून सांगतात, परंतु आपल्याकडील रुग्ण त्याहून तरुण असतात असे त्यात दिसून आले. तेव्हा तिशी-पस्तिशीच्या बाईला ‘हे तुझ्या वयाचे दुखणे नव्हे’ असे सांगून परत पाठविण्याला आधार उरत नाही.

या रोगाचा इतिहासही बोधप्रद आहे. कोरड्या मुखाच्या रुग्णाचे वर्णन लंडनच्या हॅडन यांनी १८८८ मध्ये केले होते, आणि अश्रुग्रंथी व लाळग्रंथी एकाच वेळी सुजलेल्या एका शेतकऱ्याची हकिगत मिकुलिच या शल्यविशारदाने १८९२ मध्ये प्रसिद्ध केली होती. परंतु सुट्या सुट्या नोंदींतून एक रोग उभा करण्याचे श्रेय हेन्रिक शोग्रेन या स्वीडिश नेत्रवैद्याकडे जाते. १८९९ मध्ये जन्मलेल्या या गृहस्थाने १९३३ मध्ये स्टॉकहोम येथे आपला प्रबंध सादर केला. त्यात कोरड्या डोळ्यांच्या १९ स्त्रियांची तपशीलवार माहिती होती, आणि त्यांपैकी १३ जणींना संधिवातही होता. परीक्षकांना प्रबंधाचे महत्त्व पटले नाही, त्याला मिळालेली श्रेणी अध्यापनाची पात्रता देण्याइतकी ठरली नाही आणि लेखकाने पुढील आयुष्य रुग्णालयात रुग्ण तपाशीत काढले. १९४३ मध्ये ब्रूस हॅमिल्टन या ऑस्ट्रेलियन नेत्रवैद्याने त्या जर्मन प्रबंधाचे इंग्रजी भाषांतर केले, तेव्हा कोठे जगाचे लक्ष तिकडे वळले. आणि १९६१ मध्ये स्वीडनच्या सरकारने शोग्रेन यांना प्राध्यापक ही मानाची पदवी दिली. डोळे, मुख आणि सांधे या तीन ठिकाणच्या तक्रारी एकाच बाईच्या आहेत याकडे लक्ष देणे, एवढेच त्यांच्या शोधाचे सार होते, आणि तेवढेच आजही बहुतेक ठिकाणी घडत नाही.

म्हणून पहिले काम रुग्णाची कैफियत नीट ऐकून घेण्याचे. तीन महिन्यांहून अधिक काळ दररोज डोळ्यांच्या कोरडेपणाचा त्रास होतो काय. डोळ्यांत वाळू गेल्यासारखे पुन्हा पुन्हा खुपते काय. कृत्रिम अश्रूंचे थेंब दिवसातून तीनपेक्षा अधिक वेळा घालावे लागतात काय. तीन महिन्यांहून अधिक काळ रोज तोंड कोरडे वाटते काय. आणि कोरडे अन्न गिळण्यासाठी वारंवार पाण्याचा घोट घ्यावा लागतो काय, हे पाच प्रश्न आंतरराष्ट्रीय निकषांत प्रवेशद्वारासारखे ठेविलेले आहेत. पाचवा प्रश्न आपल्याकडे विचारावयाचा तर ज्वारी-बाजरीच्या भाकरीसंबंधाने विचारावा. वरणात किंवा दुधात कुस्करल्याखेरीज भाकरीचा घास घशाखाली उतरत नाही, असे सांगणारी बाई हट्टी किंवा नाजूक नसते. तिच्या मुखात लाळ नसते. हिरडीलगत, दाताच्या मानेशी एकाएकी अनेक दात किडणे, जीभ लाल होऊन तिला भेगा पडणे, तोंडात वारंवार बुरशी येणे, आणि गालगुंडाचा आजार लहानपणी होऊन गेला असताही मोठेपणी कानाखाली पुन्हा पुन्हा सूज येणे, ही त्याच कैफियतीची पुढली कलमे होत. यांतील दातांची स्थिती प्रथम दंतवैद्याच्याच नजरेस पडते; म्हणून दंतवैद्याने रुग्णाला डोळ्यांविषयी एक प्रश्न विचारला, तर निदान कित्येक वर्षे अलीकडे येऊ शकते.

मात्र कोरडे मुख म्हणजे शोग्रेन असे समीकरण मांडणे चुकीचे होईल. मधुमेहात तोंडाला कोरड पडते. सर्दी-ॲलर्जीच्या, नैराश्याच्या व इतर कित्येक औषधांनी पडते. डोक्याला व मानेला किरणोपचार दिल्यावर पडते. आणि आपल्या भागात ज्यांचा सुळसुळाट आहे त्या गुटखा, सुपारी व मिश्रीच्या सेवनाने तोंडाची आग, अस्तराचा ताठरपणा आणि तोंड न उघडणे असे निराळेच विकार उद्भवतात, त्यांची यात गल्लत होऊ देता कामा नये. कारणे अशी अनेक असल्यामुळेच वस्तुनिष्ठ पुराव्याची आवश्यकता उत्पन्न होते.

तो पुरावा गोळा करण्याच्या रीती पुष्कळ आहेत. शिर्मर यांनी १९०३ मध्ये सांगितलेली, खालच्या पापणीत गाळणकागदाची पट्टी अडकवून पाहण्याची चाचणी सर्वात जुनी आणि स्वस्त. पाच मिनिटांत पट्टी पाच मिलिमीटर किंवा त्याहून कमी भिजली, तर अश्रू अपुरे समजतात. रुग्णाला शांत बसवून मुखात आपोआप जमणारी लाळ पंधरा मिनिटे भांड्यात गोळा करतात. ती दीड मिलिलिटरपेक्षा अधिक भरली नाही, तर स्राव क्षीण झाला असे मानतात. रक्तात अँटी-रो म्हणजे एसएसए या नावाच्या प्रतिपिंडांचा शोध घेतात. शेवटी, खालच्या ओठाच्या आतल्या बाजूस छोटासा छेद घेऊन काही सूक्ष्म ग्रंथी काढतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली लसीकापेशींचे पुंजके मोजतात. यालाच ओठाची बायोप्सी म्हणतात. अमेरिकन व युरोपीय संधिवाततज्ज्ञांच्या संस्थांनी २०१६ मध्ये ठरविलेल्या निकषांत ओठाच्या बायोप्सीला ३, अँटी-रो प्रतिपिंडांना ३, आणि डोळ्याच्या पृष्ठभागाची रंगपरीक्षा, शिर्मर चाचणी व लाळेचे मोजमाप यांना प्रत्येकी १ असे गुण दिलेले आहेत. बेरीज ४ किंवा अधिक झाली, म्हणजे रोग शोग्रेन गणला जातो. हे निकष मुळात संशोधनासाठी रुग्णांचे वर्गीकरण करण्याकरिता आहेत, परंतु व्यवहारात वैद्याच्या निर्णयाला त्यांचाच आधार असतो.

या पुराव्यांतील सर्वात वजनदार अशा दोहोंपैकी जो ओठाचा, तोच मिळविणे आपल्याकडे कठीण जाते. छेद लहान असला तरी छेदाच्या नावानेच पुष्कळ रुग्ण मागे फिरतात. काहींना ओठाला काही काळ बधिरता राहते. आणि काढलेला ऊतक नीट वाचणारा विकृतिशास्त्रज्ञ जवळ असावा लागतो. मुख्य ग्रंथींकडे प्रत्यक्ष पाहण्याचे जुने मार्गही होते. गालाच्या आत, वरच्या दाढेसमोर उघडणाऱ्या कर्णमूल ग्रंथीच्या वाहिनीत बारीक नळी घालून तिच्यातून रंगद्रव्य सोडीत आणि क्ष-किरणांनी चित्र घेत. रोगट ग्रंथीत त्या द्रव्याचे ठिपके फुटून पसरलेले दिसत. दुसऱ्या पद्धतीत टेक्नेशियम हे किरणोत्सर्गी द्रव्य शिरेतून देऊन ग्रंथी ते किती शोषते व किती वेगाने मुखात टाकते, हे मोजीत. पहिली पद्धत वेदनादायक, दुसरी महागडी, आणि दोहोंतही किरणोत्सर्गाचा संबंध. त्यामुळे ज्याच्यात सुई नाही, छेद नाही आणि किरण नाही असा मार्ग शोधला जाणे अपरिहार्य होते.

तो मार्ग ध्वनीने दिला. मनुष्याच्या कानाला सेकंदाला सुमारे २०,००० कंपनांपर्यंतचा ध्वनी ऐकू येतो. त्यापलीकडचा तो श्राव्यातीत ध्वनी. झाक व प्येर क्युरी या बंधूंनी १८८० मध्ये असे दाखवून दिले की काही स्फटिकांवर दाब दिला असता त्यांत विद्युत्‌भार निर्माण होतो. याच गुणाच्या उलट उपयोगाने, स्फटिकाला विद्युत् देऊन कंप पावविता येते आणि परत आलेले कंप पुन्हा विद्युत्‌रूपाने वाचता येतात. ग्लासगोच्या इयन डोनाल्ड यांनी १९५८ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात पोटातील गाठींची व गर्भाची ध्वनिचित्रे प्रसिद्ध केली, आणि सोनोग्राफीचे युग सुरू झाले. शरीराच्या मृदू ऊतकांतून ध्वनी सेकंदाला सुमारे १,५४० मीटर वेगाने जातो. जेथे एक ऊतक संपून दुसरा सुरू होतो तेथून त्याचा काही अंश परत फिरतो, आणि परतण्यास लागलेल्या काळावरून अंतर व परतलेल्या अंशावरून उजळपणा ठरवून यंत्र पडद्यावर चित्र उमटविते. कंपनसंख्या जितकी अधिक तितके चित्र सूक्ष्म, परंतु ध्वनी तितकाच उथळ पोहोचतो. पोटासाठी कमी कंपनांचा प्रोब, म्हणजे अंगावर फिरवावयाचा यंत्राचा भाग, लागतो. लाळग्रंथी त्वचेखाली अगदी जवळ असल्यामुळे त्यांच्यासाठी सेकंदाला एक कोटीहून अधिक कंपनांचा, सरळ पृष्ठभागाचा प्रोब वापरता येतो, आणि मग मिलिमीटरच्या अंशाइतके बारकावेही पडद्यावर उतरतात. थायरॉइडची गाठ किंवा मानेच्या रक्तवाहिन्या पाहण्यासाठी जो प्रोब बहुतेक सोनोग्राफी केंद्रांत असतोच, तोच येथे पुरतो. निराळ्या खरेदीची गरज नाही.

तपासणी करणे सोपे आहे. उपाशीपोटी जावे लागत नाही. रुग्णाला उताणे निजवून मान एका बाजूला वळवितात, गालावर व हनुवटीखाली जेल लावतात आणि दोन्ही कर्णमूल व दोन्ही अधोहनू ग्रंथी उभ्या-आडव्या अशा दोन्ही दिशांनी पाहतात. निरोगी ग्रंथी आसपासच्या स्नायूंपेक्षा उजळ आणि सर्वत्र एकसारख्या पोताची दिसते; तिच्या कडाही स्पष्ट असतात. शोग्रेन विकारात ही एकरूपता नष्ट होते. ग्रंथीत काही मिलिमीटर आकाराचे गोलसर, काळसर ठिपके दिसू लागतात, त्यांच्यामधून उजळ तंतूंचे पट्टे जातात, कडा अस्पष्ट होते, आणि रोग फार पुढे गेला असता ग्रंथी आक्रसून तंतुमय होते किंवा चरबीने व्यापून जाते. याच बदलांना श्रेणी देण्याची पद्धत ‘ओमेरॅक्ट’ या आंतरराष्ट्रीय गटाच्या तज्ज्ञांनी २०१९ मध्ये निश्चित केली. पोत एकसारखा असेल तर शून्य. किंचित विषम असेल, पण काळे ठिपके नसतील तर एक. विषमता मध्यम आणि ठिकठिकाणी काळसर ठिपके असतील तर दोन. आणि ठिपक्यांनी सर्व ग्रंथी व्यापली असेल किंवा ती तंतुमय झाली असेल तर तीन. दोन किंवा तीन ही श्रेणी शोग्रेनची आशंका बळकट करते, आणि ग्रंथी जितक्या अधिक व दोन्ही बाजू जितक्या सारख्या बाधित, तितके त्या चित्राचे वजन अधिक.

या साक्षीवर किती विसंबावे, हा खरा प्रश्न आहे. विविध देशांतील अभ्यास एकत्र केले असता असे आढळते की रोग असलेल्या शंभरांपैकी सुमारे सत्तर ते ऐंशी जणांना ही तपासणी ओळखते, आणि रोग नसलेल्या शंभरांपैकी नव्वदांच्या आसपास जणांना ती निर्दोष ठरविते. म्हणजे चित्र ठळकपणे बिघडलेले असेल तर त्याला मोठे महत्त्व द्यावे, परंतु चित्र निर्मळ आले म्हणून रोग नाहीच असा निवाडा करू नये, कारण प्रारंभीच्या काळात ग्रंथी पडद्यावर निरोगी दिसू शकते. २०१६ च्या निकषांत सोनोग्राफीला स्थान मिळालेले नाही. परंतु तिला एका गौण कलमाइतके गुण देऊन ते निकष पुन्हा तपासले असता रोग ओळखण्याची शक्ती काहीशी वाढते आणि चुकीचे निदान फारसे वाढत नाही, असे युरोपातील संशोधकांनी दाखवून दिले आहे. लाळेचा प्रवाह किती, हे मात्र सोनोग्राफी सांगत नाही. ते मोजावेच लागते. जबड्याच्या हाडामागे दडलेला कर्णमूल ग्रंथीचा खोल भागही ध्वनीला दिसत नाही.

आणखी एक मर्यादा सांगितली नाही, तर लेखकाने आपले कर्तव्य अर्धेच केले असे होईल. काळसर ठिपके केवळ शोग्रेन विकारातच दिसतात असे नाही. सारकॉइडोसिस, आयजीजी-४ या प्रतिपिंडाशी निगडित रोग, हिपॅटायटिस सी व एचआयव्ही यांच्या संसर्गातही ग्रंथी सुजून असेच रूप धारण करू शकतात; म्हणून या रोगांची पडताळणी रक्ताने व इतर मार्गांनी झालीच पाहिजे. शिवाय चित्र पाहणाऱ्याचा डोळा तयार असावा लागतो. ज्याने पोटाची हजारो चित्रे पाहिली, परंतु लाळग्रंथीची मोजकीच पाहिली, त्याचा अहवाल ‘दोन्ही कर्णमूल ग्रंथी किंचित मोठ्या’ एवढ्यावर संपतो, आणि संधिवाततज्ज्ञाला हवे असते श्रेणीचे वर्णन. चारही ग्रंथी पाहिल्या, श्रेणी लिहिली, लसीका गाठींची नोंद केली, असा अहवाल मागणे हा रुग्णाचा व त्याच्या डॉक्टरचा अधिकार आहे.

या तपासणीचा एक उपयोग निदानाच्याही पलीकडे जातो. शोग्रेनच्या रुग्णांपैकी सुमारे पाच ते दहा टक्क्यांना आयुष्यात केव्हातरी लिम्फोमा, म्हणजे लसीकापेशींचा कर्करोग, होतो, आणि त्याचे एक आवडते ठिकाण कर्णमूल ग्रंथी हेच आहे. एका बाजूची सूज महिनोन्‌महिने टिकून राहणे, ती टणक होत जाणे, पायांवर रक्ताचे लाल-जांभळे ठिपके उठणे, रक्तातील सी-४ हे प्रथिन घटणे, ही धोक्याची चिन्हे होत. सोनोग्राफीत इतर ठिपक्यांहून बराच मोठा आणि एकसंध काळा भाग दिसला, तर तेथेच प्रोबच्या देखरेखीखाली सुई घालून नमुना घेता येतो. अशा वेळी कालहरण करू नये. छत्रपती संभाजीनगरात आमखास मैदानाजवळ शासकीय कर्करोग रुग्णालय आहे, आणि मराठवाड्याच्या रुग्णाला यासाठी मुंबईची वाट धरण्याचे कारण पूर्वीइतके राहिलेले नाही.

येथे एक प्रश्न उपस्थित होतो. युरोपात संधिवाततज्ज्ञ आपल्या टेबलाशेजारीच सोनोग्राफीचे यंत्र ठेवतात आणि रुग्ण समोर असतानाच ग्रंथी पाहतात. आपल्याकडे असे क्वचितच दिसते. याचे कारण गर्भलिंगनिदानाच्या बंदीत आहे. महाराष्ट्राने १९८८ मध्ये, देशात सर्वांआधी, असा कायदा केला, १९९४ मध्ये केंद्राचा कायदा झाला आणि २००३ मध्ये तो अधिक कडक करण्यात आला. यंत्र गर्भवतीवर वापरावयाचे असो वा नसो, ते ज्या जागी आहे त्या जागेची नोंदणी अनिवार्य आहे, आणि ते एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी नेण्यावर कडक निर्बंध आहेत. २०११ च्या जनगणनेत शेजारच्या बीड जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलांमागे केवळ ८०७ मुली होत्या, हे ज्याला स्मरते तो या निर्बंधांना नावे ठेवणार नाही. परंतु कायद्याने बंदी घातली आहे ती गर्भाचे लिंग सांगण्याला. नोंदणीकृत केंद्रात गालाची व मानेची तपासणी करण्याला त्याने कोठेही हरकत घेतलेली नाही. तेव्हा संधिवाततज्ज्ञ आणि सोनोग्राफी करणारे रेडिओलॉजिस्ट यांच्यात चिठ्ठीचा, श्रेणीचा आणि अहवालाचा एक निश्चित शिरस्ता पडला, म्हणजे कायद्याचा मान राखूनही रुग्णाची सोय होते. ज्या यंत्राचा या प्रदेशात मुलींच्या जन्माविरुद्ध दुरुपयोग झाला, त्याच यंत्राने स्त्रियांच्या एका दुर्लक्षित रोगाचा छडा लावावा, यात एक प्रकारचे परिमार्जनही आहे.

छत्रपती संभाजीनगर या कामासाठी अनुकूल आहे असे म्हणण्यास जागा आहे. १९५६ मध्ये स्थापन झालेले शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व त्याचे रुग्णालय, ज्याला सारा मराठवाडा ‘घाटी’ या एका नावाने ओळखतो, तेथे औषधवैद्यक, नेत्र, कान-नाक-घसा, विकृतिशास्त्र आणि क्ष-किरण हे विभाग एकाच छत्राखाली आहेत, आणि शासकीय दंत महाविद्यालयही त्याच्याच निकट आहे. जालना, बीड, परभणी, हिंगोलीकडून आणि शेजारच्या बुलढाण्याहूनही रुग्ण येथे येतात. डोळ्यांच्या बाह्यरुग्ण विभागात आलेल्या बाईला तोंडाविषयी आणि दंत विभागात आलेल्या बाईला डोळ्यांविषयी एक प्रश्न विचारला जावा, उत्तर होकारार्थी आल्यास लाळग्रंथींच्या सोनोग्राफीची व रक्तपरीक्षेची चिठ्ठी मिळावी, आणि अहवाल एका ठिकाणी जमा होऊन औषधवैद्यकाकडे जावेत, एवढी तजवीज झाली, तर एकाच शहरात, थोड्याच दिवसांत, विशेष खर्चाशिवाय निदान होऊ शकते. मोठी प्रयोगशाळा किंवा परदेशी यंत्र यासाठी लागत नाही. लागते ते विभागाविभागांतले दळणवळण.

निदान लवकर झाल्याने काय साधते, असे कोणी विचारील, कारण रोग मुळातून नाहीसा करणारे औषध अद्याप हाती आलेले नाही. परंतु साधते ते थोडे नाही. कृत्रिम अश्रूंनी डोळ्यांचा पृष्ठभाग वाचतो, फ्लोराइडच्या नियमित वापराने दात टिकतात, ग्रंथीत शक्ती शिल्लक असेल तोवर पायलोकार्पिनसारख्या औषधाने लाळ वाढविता येते, आणि सांधे वा अन्य अवयव बाधित झाले असतील तर त्यांवर वेळीच उपचार होतात. गर्भधारणेच्या दृष्टीने तर निदानाचे महत्त्व फार मोठे आहे. अँटी-रो प्रतिपिंड असलेल्या मातांच्या शंभरांपैकी एक-दोन बालकांच्या हृदयातील विद्युत्‌प्रवाह गर्भावस्थेतच खंडित होतो आणि ठोके मंदावतात. पूर्वी असे बालक झालेल्या मातेत हा धोका कित्येक पटींनी वाढतो, आणि हायड्रॉक्सिक्लोरोक्विन या औषधाने तो कमी करता येतो. अशा गर्भवतीच्या बाळाचे हृदय साधारणतः सोळाव्या ते सव्विसाव्या आठवड्यांच्या काळात वारंवार तपासावे लागते. तेव्हा आईच्या शरीरातील प्रतिपिंडे आधीच कळलेली असणे, हे मुलाच्या दृष्टीने केवढे हिताचे आहे, हे निराळे सांगावयास नको.

म्हणून वाचकाला, विशेषतः वाचक भगिनींना, एवढीच विनंती आहे. ऊन सरून पावसाळा आला, पाणी मुबलक प्यालात, तरीही तीन महिने तोंड कोरडे राहिले आणि डोळे खुपत राहिले, भाकरीचा घास पाण्याशिवाय उतरेना, कानाखालची सूज येत-जात राहिली, किंवा दात एकामागून एक किडू लागले, तर त्या सर्व तक्रारी एकाच कागदावर लिहून काढा, चालू असलेल्या औषधांची यादी त्याखाली जोडा, आणि तो कागद घेऊन डॉक्टरांकडे जा. मधुमेहाची तपासणी करून घ्या, अँटी-रोची रक्तपरीक्षा विचारा, आणि चारही लाळग्रंथींची सोनोग्राफी श्रेणीसह लिहून द्यावी अशी विनंती करा. घरातील सासू, आई, बहीण वा मुलगी अशी तक्रार करीत असेल, तर तिच्या बोलण्याला ‘उष्णता’ म्हणून बाजूस सारू नका. हा रोग जीवघेणा क्वचितच असतो, परंतु उशीर झाला तर त्याने गेलेली ग्रंथी परत येत नाही. आणि तो उशीर टाळणे पुष्कळ अंशी आपल्या हातात आहे.